नेमोचे घर

ईदीच्या पैशांतून आमच्या धाकट्या नातवाने सोलापूरहून एक मासा आणला. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. 2003 च्या कार्टून सिनेमापासून मुले त्याला नेमो म्हणतात. मराठीत विदूषक मासा. ‘पाण्यात थोडे मीठ टाका, राहतो,’ असे दुकानदाराने सांगितलेले. टँकरच्या पाण्यातून वीस लिटर मी काढून दिले. सकाळी मासा तळाशी आडवा पडला होता.

“दादी, माझ्यामुळे मेला का?” पोराने विचारले. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. मग वाचत बसले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे वीस लिटरला 700 ग्रॅम, आणि तेही नुसते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. गोड्या पाण्यात या माशाच्या शरीरात पाणी शिरत राहते आणि आतले क्षार बाहेर जातात. चूक पोराची नव्हती. ज्याने विकला, त्याला हे ठाऊक असायला हवे होते.

हा मासा अंदमानात, लक्षद्वीपला, मन्नारच्या आखातात पोवळ्यांच्या खडकांत राहतो. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर ज्या मरजानचा उल्लेख येतो, त्याचा अर्थ बहुतेक भाषांतरांत पोवळेच दिला आहे. आपण त्याला खडा समजतो. खरे तर ते बारीक जिवांनी बांधलेले चुन्याचे घर. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

विदूषक माशाचे घर मात्र आणखी आत, समुद्रफुलाच्या कुशीत. हे दिसायला फूल, पण प्राणी. त्याचे दोरे इतर माशांना डंख मारतात. विदूषक माशाच्या अंगावर खास चिकट थर असतो, म्हणून त्याला ते डसत नाहीत. समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जाती, त्यांतल्या जेमतेम दहाच याला आसरा देतात. बदल्यात हाही समुद्रफूल खायला आलेल्या माशांना हाकलतो. अंडी सांभाळायचे काम बापाचे! तो परांनी त्यांना वारा घालतो. घरातली मोठी मादी मेली, तर तोच पुढे मादी होतो. हे वाचून आमची सून कितीतरी वेळ हसत होती.

पाणी फार तापले की पोवळी पांढरी पडतात, समुद्रफुलेही. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 साली असे झाले. आसरा गेला की मोठे मासे याला सहज गिळतात. त्यातच काचेच्या पेट्यांसाठी समुद्रातून पकडून नेणारेही आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने हौदांत या माशांची पैदास करून दाखवली आहे, म्हणजे समुद्रातून ओरबाडायची गरज उरलेली नाही.

हे सगळे नातवाला सांगितले. “मग आपल्या पाण्यात कोण राहील?” त्याने विचारले. आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून हौदात सोडलेत. डासांच्या अळ्या खातात, आणि अंडी न घालता थेट पिल्लेच देतात. परवा मोजून आला, सोळा आहेत म्हणाला.