पोडियमवरची बाग आणि खालची माती

पुनर्विकासाच्या नकाशावर हिरवा रंग सर्वांत शेवटी भरला जातो. आधी चटईक्षेत्राचा हिशेब, मग जुन्या सभासदांच्या सदनिका, मग विक्रीच्या, मग पार्किंग, मग अग्निशमन दलाच्या गाडीची वाट. एवढे सगळे बसल्यावर भूखंडाच्या कोपऱ्यात जी तिरकी फट उरते तिथे ‘आर.जी.’, म्हणजे मनोरंजन मैदान, असे लिहून हिरवी हॅच मारायची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वास्तुविशारदाच्या कार्यालयात जा, क्रम हाच. आणि नेमकी हीच उपनगरे सध्या नव्याने बांधली जात आहेत. आवारात एखादा आंबा, दोन नारळ, गेटपाशी बदाम असा ठरलेला संसार असलेल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून तिथे वीस-बावीस मजले चढत आहेत. पुढच्या पन्नास वर्षांत इथल्या माणसाला झाड किती अंतरावर भेटणार, हे आपण, म्हणजे या मासिकाचे वाचक, याच काही वर्षांत ठरवून मोकळे होणार आहोत.

निसर्गाच्या सहवासाने बरे वाटते हे सांगायला संपादकीय लागत नाही. त्या विषयावरच्या संशोधनातले आपल्या ड्रॉइंग बोर्डावर काय उतरते, एवढेच पाहू. 1984 साली रॉजर उलरिच यांचा एक छोटा लेख ‘सायन्स’मध्ये आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी जुन्या नोंदींतून जुळवल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान आहे, हे खरे. पण या अभ्यासातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. त्या रुग्णांना कोणी बागेत फिरायला नेले नव्हते, फरक होता तो खिडकी कुणीकडे उघडते याचा. रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या हाती नसलेली ही गोष्ट त्याच्या वास्तुविशारदाच्या हाती होती.

2003 मध्ये अमेरिकेतल्याच सॅक्रामेंटोच्या एका कॉल सेंटरची पाहणी झाली. ज्यांच्या जागेवरून बाहेरचे दृश्य उत्तम दिसत होते ते कर्मचारी, काहीच दिसत नसलेल्यांपेक्षा 6 ते 12 टक्के अधिक वेगाने फोन हाताळत होते. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवरचा 2019 चा अभ्यास तर बहुतेकांनी ऐकलेला असेल: आठवड्याला किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःचे आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात, मग ती मिनिटे एका फेरीत भरलेली असोत की चार. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. निरोगी माणूस फिरायला अधिक जात असणार, ही शंका राहतेच. आपल्यासाठी महत्त्वाची एक तळटीप मात्र सहसा कोणी वाचत नाही. त्या 120 मिनिटांत घरच्या बागेत घालवलेला वेळ धरलेला नव्हता. मग सहाव्या मजल्याच्या पोडियमवरच्या कुंडीचा प्रश्नच मिटला.

उपनगरांचे नशीब असे की घराबाहेरचा निसर्ग इथे खरोखरच आहे, आणि तो कोणा उद्यानरचनाकाराने केलेला नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एका बाजूने बोरिवलीला आणि दुसऱ्या बाजूने मुलुंडला टेकले आहे. हे जंगल टिकले ते सौंदर्यदृष्टीमुळे, असे कोणी समजू नये. ते टिकले पाण्यासाठी. 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला, 1879 मध्ये तुळशी, आणि त्यांचे पाणलोट राखायचे म्हणून आजूबाजूला वस्ती वाढू दिली गेली नाही. त्याच्याही कितीतरी शतके आधी कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांशेजारी पोढ्या खोदून पावसाचे पाणी उतारावरून त्यांत वळवले होते. ज्यांना त्या पाहूनही आवारातला पाण्याचा निचरा आखता येत नाही त्यांनी एक रविवार तिथे पुन्हा घालवावा.

जंगलाच्या उपकारांची यादी कधीकधी अनपेक्षित वळण घेते. उद्यानातले बिबटे कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे वर्षाला सुमारे हजार श्वानदंश टळत असावेत, असा अंदाज 2018 च्या एका अभ्यासाने मांडला. बिबट्याला सोसायटीच्या सुरक्षा खर्चात वाटा मागता येत नाही, ही त्याची अडचण. आणि ज्या आदिवासी पाड्यांनी वाघोबाला पूजत या जंगलात पिढ्या काढल्या, त्यांना निसर्गसहवास कधीच कमी पडला नव्हता. त्यांची मागणी नळाची आणि विजेची होती. ‘निसर्गसान्निध्य’ हा शब्द विकताना हेही ध्यानात असलेले बरे.

आपण तो शब्द विकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘पार्क फेसिंग’ची किंमत वेगळी, मजला चढेल तसा दर वेगळा. मुलुंडच्या वरच्या मजल्यावरच्या गृहिणीला डोंगर दिसतो, पण त्यात शिरायचे मुख्य दार बोरिवलीला. खाडीकडच्या बाजूला ठाणे खाडीचे 2015 मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाले, 2022 मध्ये रामसर यादीत नाव गेले. त्यानंतर घरांच्या जाहिरातींतही हे गुलाबी पक्षी उतरले. दुरून दिसणाऱ्या निसर्गाचे दाम ठरले आणि रोज हाताला लागणारा निसर्ग आवारातून हद्दपार झाला, असा आजच्या पुनर्विकासाचा ताळेबंद आहे.

हे कसे घडले याचा इतिहास आपल्याच फायलींत आहे. मुंबईत एके काळी फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजला जात नसे. हेतू सरळ होता: खिडकीबाहेर चार रोपे लावावीत. प्रत्यक्षात ती पट्टी ताबा मिळताच बेडरूममध्ये सामील व्हायची, आणि विक्रीच्या क्षेत्रफळात तर त्याआधीच झालेली असायची. जानेवारी 2012 मध्ये महापालिकेने फ्लॉवर बेड, बाल्कनी वगैरे सगळे मोजायला घेतले आणि बदल्यात फंजिबल चटईक्षेत्र दिले. त्यानंतर नव्या नकाशांतून फ्लॉवर बेड नाहीसाच झाला. सवलत संपली तशी फुलांची आवडही संपली.

दुसरे प्रकरण मनोरंजन मैदानाचे. भूखंड मोठा असेल तर त्याच्या 15, 20 किंवा 25 टक्के जागा मोकळी ठेवायची, हा जुना नियम. पार्किंग वाढले तशी ही मोकळी जागा पोडियमच्या छतावर चढली. डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती खाली उतरवली: किमान आर.जी. जमिनीवरच हवे, पोडियमवर काय करायचे ते त्याच्याव्यतिरिक्त करा. आपल्या व्यवसायात या निकालाने केवढी धावपळ उडाली होती ते अनेकांना आठवत असेल. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीने काही हिस्सा पुन्हा पोडियमवर नेण्याची वाट काढून दिली. ती कायदेशीर आहे, म्हणून ती चांगली ठरत नाही.

पोडियमवरच्या बागेचे आयुष्य कसे असते ते आपण सगळे जाणतो. दीड-दोन फूट माती, तिच्यात फॉक्सटेल पाम आणि लॉन. पहिली दोन वर्षे छान. मग जलरोधक थराला कुठेतरी तडा जातो, खाली कुणाच्या गाडीवर चुन्याचे पाणी ठिबकते, वार्षिक सभेत आवाज चढतात. कंत्राटदार माती काढायला सांगतो, थर नव्याने घालतो, आणि माती परत चढवायचा खर्च कमिटीला झेपत नाही म्हणून वर प्लास्टिकची हिरवळ अंथरली जाते. मे महिन्यात दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा. ही जागा कागदावर मात्र कायम हिरवीच असते.

जमिनीवरची माती करते ती कामे या बागेकडून होणे नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढे पाणी कुठलीही माती जिरवणार नव्हती, पण दर पावसाळ्यात येणाऱ्या साध्यासुध्या सरींचे पाणीही आता आवारातून थेट गटारात आणि गटारातून रस्त्यावर येते, कारण तळघर आणि पेव्हर ब्लॉक मिळून भूखंड जवळजवळ कुंपणापर्यंत बंद झालेला असतो. त्यातून एखादे मोठे झाड वाचलेच, तर मुळे तोडल्यामुळे ते चौथ्या पावसाळ्यात आडवे होते आणि मग झाडेच धोकादायक ठरतात.

उद्योगांचे काय? विक्रोळीचे उदाहरण सगळे देतात आणि ते द्यावे असेच आहे. पिरोजशा गोदरेज यांनी 1943 मध्ये तिथली जमीन घेतली. कारखाने आणि कामगारांची वसाहत उभी राहिली तरी खाडीकाठची खारफुटी कंपनीने राखली, आणि 1985 पासून तिथे संवर्धनाचे रीतसर काम सुरू आहे. खारफुटी तोडणे हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले ते 2018 मध्ये. पण हजारो एकरांच्या मालकाचा धडा दीड हजार चौरस मीटरच्या भूखंडाला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यासाठी दुपारी दीड वाजता अंधेरीच्या एमआयडीसीत उभे राहावे. काचेच्या इमारतींतून माणसे खाली उतरतात आणि ज्या पर्जन्यवृक्षाखाली चहाची टपरी आहे तिथेच थांबतात. शेजारच्या इमारतीच्या लॉबीत पाण्याची भिंत आणि वातानुकूलन असले तरी. टपरीवाल्याने जागा निवडताना कुठलाही अभ्यास वाचला नव्हता. कर्मचारी ज्या सावलीला स्वतःहून जातो ती कार्यालयाच्या आवारात का नाही, हा प्रश्न आपल्या कॉर्पोरेट पक्षकाराला विचारायचे धाडस आपण करत नाही. हिरव्या मानांकनाचे गुण मात्र मोजून घेतो.

आता कामाचे. सोसायटीशी पहिल्या बैठकीला जाताना सर्वेक्षणाचा नकाशा न्यावा, पण त्यावर झाडांचे बुंधे आणि पर्णसंभाराचे घेर आधी काढलेले असावेत. वृक्ष प्राधिकरणाकडे द्यायची यादी शेवटच्या आठवड्यात सहाय्यकाकडून करून घेतली की ‘तोडणे’ आणि ‘पुनर्रोपण’ हेच दोन रकाने भरतात. पार्किंगचा आवाका इमारतीच्या पायाखाली मावेल असा बसवावा. मनोरा पद्धतीचे यांत्रिक पार्किंग महाग आहे, पण कुंपणाकडेची सलग मातीची पट्टी त्याच्याशिवाय वाचत नाही, आणि ही गोष्ट विकासकापेक्षा सभासदांना आधी पटते असा अनुभव आहे. त्या पट्टीत बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, सोनचाफा यांना जागा होते. अग्निशमनाच्या वाटेशी झगडू नये. तिचा आदर करून उरलेल्या बाजूंनी झाड आणावे. जिना, लिफ्टची लॉबी आणि स्वयंपाकघर या तीन जागी माणूस रोज अनेकदा जातो, आणि या तिन्ही आपण सवयीने डक्टकडे तोंड करून बसवतो. निदान खालच्या पाच मजल्यांवर त्यांतल्या एकीची खिडकी पर्णसंभाराकडे वळवता आली तर चटईक्षेत्राचा एक चौरस फूटही खर्च होत नाही.

कुंपणाबाहेरचेही थोडे पाहावे लागेल. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणात बुंध्याभोवती मातीचा चौकोन न ठेवता स्लॅब ओतली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. आपल्या गेटसमोरच्या झाडापुरते तरी, साइटवरचा अभियंता ओतकाम थांबवून वॉर्ड कार्यालयाला फोन करू शकतो.

ऑगस्टच्या अंकात आम्ही उपनगरांतल्या पुनर्विकासाचे पाच वर्षांहून जुने प्रकल्प छापणार आहोत. छायाचित्रे नकोत, ती ताबा देण्याच्या दिवशीची असतात. मातीची खोली दाखवणारा सेक्शन पाठवा, त्यासोबत त्या वेळी लावलेल्या झाडांची यादी आणि आज जिवंत असलेल्यांची यादी. पुनर्रोपण केलेल्यांपैकी किती जगली, हे वेगळे लिहा. आकडा शून्य असला तरी छापू. पक्षकाराचे नाव गाळण्याची सोय आहे.