घरी घडविलेली हत्यारे कोणाच्या मालकीची?

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला आली, तेव्हा संस्थापक दांपत्याने जयनगरात एक लहान घर घेतले आणि भाड्याच्या दुसऱ्या घरात कंपनीचे मुख्यालय थाटले. ही कथा भांडवलदारी वृत्तपत्रे कौतुकाने सांगतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, ती मात्र क्वचितच सांगितली जाते. पहिल्या वाटेने आज्ञावली ही विक्रीची वस्तू झाली. दुसऱ्या वाटेने ती सर्वांना वाचता, बदलता व वाटता येणारी सामाजिक संपत्ती ठरली. या दोन वाटांमधील झगडा आजही संपलेला नाही.

दिवसभर परदेशी गिऱ्हाइकासाठी राबणारा संगणक-कामगार रात्री घरी स्वतःच्या गरजेची लहान साधने लिहितो : कागदपत्रांना कुलूप घालणारी, साठवलेला मजकूर जपणारी, कुटुंबाची छायाचित्रे लावून ठेवणारी. ती कोणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली आज्ञावलीचा समावेश झाला. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, मालकच असतो. नेमणूकपत्रातील कलमांनी हा हक्क कामगाराच्या फावल्या वेळेपर्यंत ताणला जातो. श्रमशक्ती विकत घेणाऱ्याला आता विश्रांतीही हवी आहे.

तरीही दुसरी वाट शक्य आहे. गूगलने अमेरिकी लष्कराला ड्रोनच्या चित्रफिती तपासण्यासाठी तंत्र पुरविल्याचे २०१८ मध्ये उघड झाले व तिच्या हजारो कर्मचाऱ्यांनी निषेध केला. या प्रकाराने व्यथित झालेल्या गूगलच्या एका अभियंत्याने नोकरी सोडून बेंगळुरूत ‘एन्ते’ हे छायाचित्र-संग्रहाचे साधन उभे केले. मल्याळममध्ये या शब्दाचा अर्थ ‘माझे’. चित्र फोनमध्येच कुलूपबंद होऊन बाहेर पडते. साठा सांभाळणाऱ्यालाही ते पाहता येत नाही. २०२४ मध्ये तिच्या सर्व्हरची संहिताही खुली झाली.

आपल्या चळवळीशी याचा काय संबंध, असे काही साथी विचारतील. मोर्च्यांची छायाचित्रे, सभासदांच्या याद्या, संपकऱ्यांचे पत्ते आज मक्तेदार कंपन्यांच्या कोठारात पडून आहेत. गूगलने छायाचित्रांचा अमर्याद फुकट साठा जून २०२१ पासून बंद केला. सवय आधी लावली, भाडे नंतर मागितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने निष्कर्ष काढला की, भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून आक्षेपार्ह पत्रे पेरली गेली होती. ज्या देशात असा प्रश्न उभा राहतो, तेथे सुरक्षिततेची साधने ही हौस नव्हे, लोकशाही हक्कांच्या रक्षणाची गरज आहे.

मात्र भ्रम नको. ‘एन्ते’ हीही खाजगी कंपनीच आहे. खुल्या संहितेने यंत्रांची मालकी बदलत नाही. एकेकट्याने आपापले कुलूप मजबूत केल्यानेही चळवळ सुरक्षित होत नाही. सामूहिक दडपणाचे सामर्थ्य आपण पाहिले आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने आज्ञावलींना पेटंटची दारे उघडली होती. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे २००५ च्या कायद्यातून ती तरतूद वगळावी लागली.

तेव्हा कार्य स्पष्ट आहे. कामगार संघटनांनी घरच्या निर्मितीवर हक्क सांगणाऱ्या कलमांविरुद्ध लढा द्यावा. साथी अभियंत्यांनी आपली साधने मुक्त परवान्याखाली खुली करावीत व त्यांची माहिती मराठीत लिहावी. पक्ष कार्यालयांनी आपले संग्रह स्वतःच्या ताब्यात आणावेत. जे हत्यार कामगाराच्या हातांनी घडले, ते कामगारवर्गाच्याच हाती राहिले पाहिजे.