सूत्राच्या चुकीवर पांघरूण नको

संगणकावरील कोष्टक, ज्यास आपण सर्वजण एक्सेल या नावानेच ओळखतो, आता कृषी खात्याच्या कामात पुरते रुळले आहे. पेरणीचा अहवाल, पर्जन्यमानाची नोंद, पीक कापणी प्रयोगाचा हिशेब, पंचनाम्यांची यादी, खतांची मागणी, यांपैकी काहीही त्यावाचून तयार होत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेबनीसही तेच वापरतात आणि शिकलेले तरुण शेतकरी घरचा जमाखर्च त्यातच मांडतात. साधन उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु सूत्र चुकल्यावर आपण काय करतो, याबाबत एक सवय अलीकडे फार वेगाने पसरत आहे. ती मला घातक वाटते, म्हणून हा लेख.

कोष्टकाच्या एखाद्या घरात आकड्याऐवजी ‘डिव्ह-झीरो’, ‘व्हॅल्यू’, ‘एन-ए’ किंवा ‘रेफ’ असे चिन्ह उमटते. अहवाल सायंकाळपर्यंत पाठवायचा असतो. मग कोणीतरी जाणता ‘इफएरर’ नावाची युक्ती शिकवतो, म्हणजे चूक आली तर त्या जागी शून्य दाखवावे, असे सूत्रासच सांगून ठेवायचे. कोष्टक स्वच्छ दिसू लागते, अहवाल वेळेवर जातो. पानावरचा डाग खरवडून टाकल्याने रोग गेला असे कोणी शेतकरी मानणार नाही. येथे मात्र आपण तसे मानतो.

एक साधे उदाहरण घेऊ. पाच शेतकऱ्यांची यादी आहे, प्रत्येकाचे क्षेत्र एक हेक्टर आणि नत्राची मात्रा हेक्टरी ५० किलो. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून ५० ला ०.४६ ने भागले की १०८.७ किलो युरिया येतो. बाजूस एक छोटा तक्ता आहे. त्यात युरियाचे ०.४६, त्याखाली सिंगल सुपर फॉस्फेटमधील स्फुरदाचे ०.१६ आणि त्याखाली म्युरेट ऑफ पोटॅशमधील पालाशचे ०.६० असे आकडे आहेत. पहिल्या शेतकऱ्यापुढे सूत्र लिहिले आणि ते खाली ओढले. सूत्र एक घर खाली सरकले की त्यातील पत्तेही एक घर खाली सरकतात, हा या साधनाचा स्वभाव आहे. परिणामी दुसऱ्या शेतकऱ्याचे नत्र ०.१६ ने भागले गेले व त्यास ३१२.५ किलो युरिया लागू झाला. तिसऱ्याचे ०.६० ने भागले जाऊन ८३.३ किलो आला. चौथ्या व पाचव्या ओळीत सूत्र तक्त्याखालच्या रिकाम्या घरांवर पोहोचले. रिकामे घर म्हणजे शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून तेथे ‘डिव्ह-झीरो’ उमटले.

आता पाहा. बोंब ठोकली ती चौथ्या ओळीने, पण चूक घडली दुसऱ्या ओळीत. दुसरी व तिसरी ओळ निमूटपणे खोटे बोलत आहेत. अशा वेळी ‘इफएरर’ने चौथ्या-पाचव्या ओळीत शून्य बसवले, तर एकूण बेरीज ५०४.५ किलो येते. खरी बेरीज ५४३.५ किलो. फरक अवघा ३९ किलो, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीपेक्षाही कमी! बेरीज पाहणाऱ्या वरिष्ठास कसलीही शंका येणार नाही, आणि गावात एका शेतकऱ्याचे पीक जादा नत्राने माजून लोळेल, दोघांना युरियाच मिळणार नाही. चौथ्या ओळीतील ते चिन्ह हाच या कोष्टकातील एकमेव प्रामाणिक साक्षीदार होता.

उपाय अगदी छोटा आहे. ०.४६ असलेल्या घराच्या पत्त्यात अक्षरापूर्वी व अंकापूर्वी डॉलरचे चिन्ह टाकावे. मग सूत्र कितीही ओढले तरी तो पत्ता जागचा हलत नाही. हीच गोष्ट पीक कापणी प्रयोगाच्या हिशेबास लागू आहे. दहा मीटर बाय पाच मीटरच्या प्लॉटचे उत्पन्न हेक्टरवर नेण्यासाठी २०० ने गुणावे लागते; तो २०० चा आकडा एका घरात ठेवून डॉलरने बांधून टाकावा.

‘व्हॅल्यू’ हे चिन्ह आले की समजावे, संख्येच्या जागी मजकूर शिरला आहे. ‘२.४० हे.’ असे एकाच घरात लिहिले की कोष्टकाच्या लेखी ती संख्या उरत नाही. अधिकचे चिन्ह घालून बेरीज केली तर ते तक्रार करते. मात्र ‘सम’ने बेरीज केली तर अशी घरे मुकाट्याने वगळते आणि क्षेत्र कमी दाखवते. ‘काउंट’ फक्त संख्या मोजते, ‘काउंटए’ भरलेली सर्व घरे मोजते. रकान्याखाली दोन्ही मांडून पाहावीत. दोन आकडे जुळले नाहीत तर कोठेतरी मजकूर दडलेला आहे. ‘रेफ’चा अर्थ असा की सूत्र ज्या घराकडे बोट दाखवत होते, ते घरच कोणीतरी पुसून टाकले आहे, अशा वेळी ताबडतोब मागे फिरावे व जुनी प्रत उघडावी. घरात नुसत्या जाळीच्या खुणा दिसल्या तर ती चूक नव्हे, रकाना अरुंद आहे एवढेच.

‘एन-ए’चे दुखणे मराठी नावांमुळे आपल्याकडे अधिक. एका यादीत ‘शिरूर’ व दुसरीत ‘शिरुर’ असेल तर आपणांस ते एकच गाव वाटते, संगणकास दोन. नावामागे राहिलेली एक रिकामी जागाही पुरते. म्हणून गावांचा मेळ नावावरून न घालता शासकीय संकेतांकावरून घालावा. ‘व्हीलुकअप’ वापरताना शेवटच्या जागी तंतोतंत जुळणी हवी असे स्पष्ट लिहावे. ती जागा मोकळी सोडली, तर गाव न सापडल्यास हे सूत्र पुष्कळदा जवळपासच्या भलत्याच ओळीतील आकडा आणून ठेवते. तेथे चिन्हही दिसत नाही.

गट क्रमांकांचा घोटाळा तर नित्याचा आहे. १२/५ असा गट क्रमांक टंकला की त्याची १२ मे ही तारीख होते. आपला सातबारासुद्धा ७/१२ असा लिहिला की सात डिसेंबर होऊन बसतो! २/६५ चा १९६५ सालचा फेब्रुवारी होतो, तर १२५/२ तसाच राहतो, कारण त्यातून तारीख निघत नाही. एकाच रकान्यात काही गट आणि काही तारखा. मागाहून रकान्याचे स्वरूप बदलून उपयोग नाही. १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांची संख्या तेवढी हाती लागते. गट क्रमांकाचा रकाना भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावा.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती हेक्टर-आरच्या नोंदीची. १ हेक्टर ५० आर हे १.५० असे भरले तरी कोष्टक शेवटचे शून्य टाकून १.५ दाखवते. पुढचा माणूस ते १ हेक्टर ५ आर असे वाचतो आणि ‘दुरुस्त’ करून १.०५ लिहितो. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकास हेक्टरी ८५०० रुपये होते. त्या दराने १२,७५० रुपयांऐवजी ८९२५ रुपये हाती पडतात. ३८२५ रुपयांचे हे नुकसान कोणतेही सूत्र दाखवणार नाही. रकान्यास दोन दशांश स्थाने कायम ठेवावीत; शक्य तेथे हेक्टर व आर यांचे रकाने वेगळे करावेत.

या चुका केवळ तालुक्याच्या कचेरीत होतात असे कोणी समजू नये. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अमेरिकेतील नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या कोष्टकातील सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत न जाता ४४ व्या ओळीवरच थांबले होते आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. निष्कर्षातील मोठा फरक त्यांच्या इतर निवडींमुळे पडला होता हेही सांगितले पाहिजे. पण २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ कोष्टक मागवून घेतले, तेव्हा हे सारे उजेडात आले. आपल्याकडे यादीच्या तळाशी नवे गाव जोडले जाते आणि बेरजेचे सूत्र जुन्याच ओळीवर थांबून राहते, तोच हा प्रकार. बेरजेच्या घरावर जाऊन एफ-दोन ही कळ दाबली की सूत्रात कोणती घरे घेतली आहेत ती रंगीत चौकटीने दिसतात. यास दोन सेकंद लागतात. शिवाय पहिली, मधली व शेवटची अशा तीन ओळी कागदावर हाताने करून पाहाव्यात. संगणकावर काम करणाऱ्यास हे जुनाट वाटेल. वाटू द्यावे.

वरिष्ठ कार्यालयांनीही नमुने पाठवताना ‘सर्व घरे भरलीच पाहिजेत’ हा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पांघरूण घालण्याची सवय मुख्यत्वे त्यातूनच लागते. पावसाचेच पाहा. तीन मंडळांत ७०, ७२ व ६८ मिलिमीटर पाऊस झाला आणि चौथ्या मंडळातील यंत्र बंद होते. ते घर रिकामे ठेवले तर सरासरी ७० येते. शून्य भरले तर ५२.५. अतिवृष्टी सरासरीवरून नव्हे, तर मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की नाही यावरून ठरते, हे खरे. परंतु म्हणूनच ते चौथे शून्य अधिक घातक आहे; त्या मंडळात पाऊस पडलाच नाही असा कागदोपत्री पुरावा त्याने तयार होतो, आणि पिके पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्यास त्याच्याविरुद्ध भांडत बसावे लागते. नमुन्यात अशा घरासाठी ‘नोंद नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी, आणि शून्य फक्त पाऊस खरोखर न पडलेल्या दिवसासाठी राखून ठेवावे.