कानांनी वाचलेली पुस्तके

गेल्या १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात आम्हां विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला, ‘या वर्षात अभ्यासाव्यतिरिक्त किती पुस्तके वाचलीत?’ माझी पाळी आली तेव्हा मी ‘अकरा’ असे सांगितले. कौतुकाची थोडी कुजबूज झाली. पण प्रामाणिकपणाचे भूत मानगुटीवर बसले होते, म्हणून मी पुढे म्हटले, ‘त्यांतली चार वाचली आणि सात ऐकली.’ झाले! कौतुकाची जागा हशाने घेतली. एका प्राध्यापकांनी हसतच निवाडा दिला, ‘मग चारच लिहा. ऐकणे म्हणजे वाचन नव्हे.’ मी मुकाट्याने चारचा आकडा लिहिला. सरांविषयी माझ्या मनात राग नाही. परंतु तो आकडा अजून सलतो आहे, आणि त्याचे कारण केवळ माझ्यापुरते नाही.

त्या सात पुस्तकांची जातकुळी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा हसायला नको. तीन नामवंतांची आत्मचरित्रे आणि चार रहस्यकथा. अभिजात असे त्यांत काही नव्हते. स्टोरीटेल ही स्वीडनमधील कंपनी २०१७ साली भारतात आली तेव्हापासून तिच्याकडे मराठी पुस्तके ऐकायला मिळतात. माझ्या मैत्रिणीच्या फोनमुळे ते दालन मला उघडे झाले. एप्रिल-मे म्हणजे आमच्या देवगडात आंबा भरण्याचे दिवस. मी आणि आई एका बागायतदाराकडे आंबा भरायला जातो. फळ वजनाप्रमाणे निवडायचे, डागी बाजूला काढायचे, पेटीत गवत घालून थर लावायचे. हात गुंतलेले असतात, डोळेही गुंतलेले असतात. मोकळे असतात ते फक्त कान. मी फोन एका रिकाम्या पेटीवर ठेवून आवाज मोठा केला, आणि मी, आई व आणखी तीन बायका असे आमचे श्रोतृमंडळ तयार झाले.

ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, हे मत मांडणाऱ्यांना मी नम्रपणे विचारते, आपल्याकडे पुस्तक आधी डोळ्यांत शिरले की कानांत? ज्ञानेश्वरी आधी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे त्या ग्रंथाच्या शेवटीच नमूद आहे. श्रावणात घरोघर श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागतो. वाचणारा एक, ऐकणारे वीस! त्या विसांनी पोथी ‘वाचली’ नाही, म्हणून त्यांना पोथी ठाऊक नाही असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? नवविधा भक्तीत तर पहिला मान श्रवणाचाच. फार कशाला, रत्नागिरीचा अंतू बर्वा आपल्यापैकी कितीजणांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’ उघडून वाचला आणि कितीजणांनी पु. ल. देशपांडे यांच्या आवाजात आधी ऐकला, याची प्रामाणिक शिरगणती एकदा व्हावी. हसणाऱ्यांतले बरेचजण माझ्या बाकावर येऊन बसतील.

पाश्चात्त्यांकडेही या ‘बोलत्या पुस्तकां’चा जन्म चैनीसाठी झाला नाही. इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी पहिली बोलती पुस्तके निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज त्यामागे होती. त्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडच्या ‘टायफून’बरोबर ॲगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकथा होती. ज्यांचे डोळे गेले त्यांच्या हाती सर्वांत आधी जे दिले त्यात रहस्यकथा होती, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. माणसाला जगायला उपदेशाइतकीच ‘पुढे काय झाले’ याची ओढ लागते.

रहस्यकथेला आपल्याकडे नेहमीच ओसरीवर बसवले गेले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू या पात्रांनी दोन पिढ्यांना वाचनाची चटक लावली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मिळणारी जागा किती? सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. तिच्यावर २०१३ साली चित्रपट निघाल्यावर ती आपल्या पिढीच्या हाती आली. पण त्यांच्या दारा बुलंदची आणि अमर विश्वासची नावे वर्गात घेताना आपण आवाज खाली का आणतो? परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून?

रहस्यकथा ऐकण्यात एक गंमत आहे, ती वाचण्यात नाही. वाचताना अधीर झाले की मी शेवटचे पान उघडून पाहते; हा माझा जुना दुर्गुण. ऐकताना ती लबाडी जमत नाही. सांगणारा नेईल त्या वाटेने, त्याच्याच पावलाने जावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस एकदा असे झाले की, खून कुणी केला हे कळायला अवघी दहा मिनिटे उरली असताना वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि फोनची रेंजही गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही परतली नाही. त्या अर्ध्या दिवसात आंब्याच्या पेटीभोवती जी चर्चा झाली, तशी मी वर्गात क्वचितच ऐकली आहे. एकीने नोकरावर संशय घेतला, दुसरीने पुतण्यावर. आई शेवटी म्हणाली, ‘जो सगळ्यात गोड बोलता ना, त्याचोच हात असतलो.’ रेंज आली, आणि आई बरोबर ठरली! तिने पुरावा शोधला नव्हता, तिने आवाज ओळखला होता. माणसाच्या बोलण्यावरून माणूस पारखण्याची जी विद्या तिने आयुष्यभर बाजारात आणि बागेत कमावली, तीच तिने पुस्तकाला लावली. यालाच आपण आस्वाद म्हणतो ना?

आता आत्मचरित्रांविषयी. इथे मात्र माझे मन दुभंगलेले आहे. नामवंताचे आत्मचरित्र कानांनी ऐकणे यात मोठे सुख आहे आणि तेवढाच मोठा धोका आहे. मिशेल ओबामांनी आपले ‘बिकमिंग’ हे आत्मचरित्र स्वतःच्या आवाजात वाचले आणि त्या ध्वनिमुद्रणाला २०२० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. लेखिका स्वतः आपल्या कानाशी बोलू लागली की ती घरचीच वाटते. छापील ओळीपाशी थांबून ‘हे खरे असेल का?’ असे विचारता येते. आवाज तेवढी उसंत देत नाही. गळा दाटला की आपलाही दाटतो, आणि शंका तिथेच विरघळून जाते.

मी ऐकलेल्या तिन्ही आत्मचरित्रांचा साचा एकच होता. आधी गरिबी, मग मुंबई, मग अपमान, मग एका देवमाणसाची भेट आणि मग यश. दुसऱ्यांच्या चुका नावगावासह सांगितलेल्या, स्वतःच्या चुका मात्र ‘त्या वयात असे घडते’ एवढ्यावर आटोपलेल्या! पहिले ऐकताना मी रडले. दुसऱ्याला डोळे पाणावले. तिसरे चालू असताना आईने आंबा पुसता पुसता विचारले, ‘ह्येचा कधीच काय चुकाक नाय?’ त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. रहस्यकथा ऐकताना आपण प्रत्येकाकडे संशयाने पाहतो, मग आत्मचरित्र ऐकताना तो संशय घरी का ठेवून येतो? तिथेही एक सांगणारा आहे, आणि काय सांगायचे व काय गाळायचे हे तोच ठरवतो आहे. आत्मचरित्र रहस्यकथेच्या कानांनी ऐकावे, असे माझे मत बनले ते तेव्हापासून.

याची कसोटी पाहावी म्हणून मी वाचनालयातून हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आणले. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने आणि १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटाने गाजलेली ही नटी. चित्रपटाचेच नाव तिच्या आत्मकथनाला मिळाले. हे पुस्तक तिने लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. पुढे ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या अरुण साधूंनी तिची हकीकत ऐकून शब्दांकित केली. ती आधी ‘माणूस’मध्ये आली आणि १९७० साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच्याच आधारे श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा चित्रपट १९७७ साली आला. म्हणजे हे पुस्तक मुळात कानांनीच जन्माला आले. नावातच ‘ऐका’ अशी विनंती आहे!

ते मी पावसाळ्यात रोज रात्री जेवणानंतर आईला मोठ्याने वाचून दाखवले. लहान वयात कमावती झालेली मुलगी, तिच्या पैशावर चाललेले घर, संशयी नवरा, दारू, घर सोडून जाणे, परत येणे. ती स्वतःला कुठेही पाठीशी घालत नाही. काही पाने आईसमोर वाचताना मला संकोच वाटला, मी अडखळले. आई म्हणाली, ‘वाच गो, थांबा नको.’ शेवट झाल्यावर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘ह्या खरा असतला. स्वताक वायट म्हणाक कोण खोटा सांगतला?’ आत्मचरित्राच्या सच्चेपणाविषयी याहून नेमके विधान मला अजून तरी कुठे आढळले नाही.

आणि आता माझ्या सलाकडे वळते. माझी आई चौथी शिकली. अक्षर लावून ती बोर्ड वाचते, पुस्तक नाही. या वर्षी तिने माझ्याबरोबर सात पुस्तके ऐकली आणि आठवे माझ्या तोंडून ऐकले. ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, हा निवाडा मान्य केला तर माझ्या खात्यावर निदान चार पुस्तके राहतात. तिच्या खात्यावर किती? शून्य! खुनी ओळखणारी, नटाची बढाई पकडणारी, हंसा वाडकरांचा खरेपणा जाणणारी ही बाई वाचक नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? हशा झाला तेव्हा मला वाईट वाटले ते याचे.

तथापि नाण्याची दुसरी बाजू दडवली तर माझेही त्या नटासारखेच होईल. ऐकणे हा वाचनाचा पर्याय नाही. सातबाऱ्याचा उतारा कानांनी वाचता येत नाही. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर विश्वासाने अंगठा उमटवणाऱ्यांचे काय होते, हे कोकणातल्या कुळांना आणि विधवांना कुणी सांगायला नको. गोड आवाज तिथेही असतो. शिवाय ऐकताना ओळीखाली रेघ मारता येत नाही, मागचे पान चटकन सापडत नाही. काही मित्र दीडपट वेगाने पुस्तके ऐकून संख्या वाढवतात. ते ना वाचन ना श्रवण, ती नुसती मोजणी. कानांत बोळे घालून एकट्याने ऐकताना ‘तुका काय वाटता?’ असे विचारणाराही शेजारी नसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की, डोळ्यांनी वाचावे, कानांनीही वाचावे, आणि दोन्ही वेळी संशय जागा ठेवावा.

शेवटी एक सूचना करून हा लेख पुरा करते. पुढच्या वाचन प्रेरणा दिनी आपण विद्यार्थ्यांनी घरातल्या किंवा वाडीतल्या एखाद्या न वाचणाऱ्या माणसाला अर्धा तास मोठ्याने पुस्तक वाचून दाखवावे, आणि ते काय म्हणाले ते लिहून आणावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले आहोत. ती पायरी चढताना घरच्यांना मागे ओसरीवर ठेवून यायचे, की पुस्तक घेऊन पुन्हा ओसरीवर जायचे, हे आपल्याच हाती आहे.

माझा आकडा मात्र मी पुढच्या वर्षी पुरा लिहिणार आहे. आणि जागा असेल तर त्याच्या शेजारी आईचाही.