फोन ज्याच्याकडे, संशोधन त्याचेच?

२०१७च्या अखेरीस अमेरिकेत ‘ॲपल हार्ट स्टडी’ सुरू झाली आणि अवघ्या आठ महिन्यांत ४,१९,२९७ जण ॲपवरून तीत सामील झाले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा शोध घेणारा हा अभ्यास. हा विकार मुख्यतः उतारवयातला. सहभागींत पासष्टीपुढचे मात्र जेमतेम सहा टक्के! आयफोन आणि त्याच कंपनीचे घड्याळ असेल त्यालाच प्रवेश, मग दुसरे काय होणार?

मे २०१८मध्ये देशभर खुल्या झालेल्या ‘ऑल ऑफ अस’ या सरकारी उपक्रमाने सुरुवातच उलट टोकाकडून केली. दहा लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठेवताना संशोधनात आजवर डावलल्या गेलेल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, ग्रामीण व गरीब समूहांना अग्रक्रम दिला. संमती फोनवरच, छोट्या चित्रफिती पाहून, इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. जोडीला गावोगाव फिरणारी बस आणि ओळखीची स्थानिक आरोग्य केंद्रे. आज सुमारे ऐंशी टक्के सहभागी अशा उपेक्षित गटांतले आहेत.

ॲप नोंदणी सोपी करते. विश्वास माणसेच मिळवतात. संशोधनाला निधी देणाऱ्यांनी ॲपइतकाच पैसा या माणसांसाठीही राखून ठेवावा.