सारखेपणाचा हिशोब

मागे डिसेंबरात ग्वाल्हेरला आत्याकडे गेलो होतो. लष्करातलं जुनं मराठी घर. आतेभावाचा मुलगा प्राणिशास्त्र शिकतो. एका पहाटे तो मला तिघरा धरणावर पक्षी दाखवायला घेऊन गेला. सांक नदीवरच्या या धरणाशी आपल्या विश्वेश्वरय्यांचं नाव जोडलेलं आहे. खडकवासल्याला १९०३ साली बसवलेले त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पुढे इथेही बसले.

काठावर बगळे, म्हणजे आपली बेळ्ळक्की. शिवाय पाणकावळा, खंड्या, टिटवी. मी म्हटलं, "अरे, हे तर आमच्या बेळगावच्या किल्ला तलावावरही दिसतात!"

"काका, किती सारखं ते मोजता येतं," तो म्हणाला.

पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ साली आल्प्समधल्या वनस्पतींची तुलना करताना ही रीत वापरली. दोन्हीकडे आढळणाऱ्या जाती मोजायच्या आणि दोन्हीकडच्या मिळून एकूण जातींनी भागायचं. समजा, दोन तळ्यांवर दहा-दहा जाती आहेत आणि त्यांतल्या पाच समान. एकूण जाती पंधरा. पाचाला पंधराने भागलं, म्हणजे सारखेपणा ३३ टक्के.

मी खुशीत म्हटलं, "म्हणजे आकडा जितका मोठा तितकं चांगलं!"

त्याने मान हलवली. "दोन्ही तळ्यांवरच्या वेगळ्या पाच-पाच जाती नाहीशा झाल्या तर? उरतील फक्त समान पाच. सारखेपणा १०० टक्के, आणि दहा जाती गेल्या. ग्वाल्हेरकडचा सारस तुमच्याकडे नाही. तो इथून गेला तर आपला आकडा वाढेलच की!"

मी गप्प झालो.

दुपारी जेवताना आत्या म्हणाली, "भुट्टा घे रे." आम्ही त्याला कणीस म्हणतो. मी आजोबांना 'आज्जा' म्हणतो हे ऐकून ती हसली. तिच्या मराठीत हिंदी मुरलेली, माझ्या मराठीत कन्नड. तेवढ्यात तिची नात म्हणाली, "मला कॉर्न दे." माझी मुलगीही घरी कॉर्नच म्हणते, आणि आज्जाला ग्रँडपा.

आमच्या दोन घरांचा सारखेपणा वाढतो आहे खरा. परतल्यावर मी मुलीला मुद्दाम विचारलं, "आज्जाला हाक मारलीस का?"