'फॅमिली स्पेशल' नाव : जादा पैसे नेमके कशाचे?

बासी ईदच्या दिवशी करमाळा, जेऊर, टेंभुर्णी या भागातील पुष्कळ कुटुंबे उजनीच्या पाण्याकडे निघतात. सोबत जेवणाचे डबे, नव्या कपड्यांतली मुले आणि घरातली एखादी वृद्ध खाला किंवा नानी असते. काठावर पोहोचले की घरच्या कर्त्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो. एकीकडे साधी होडी : माणशी भाडे आणि भरली की सुटणारी. दुसरीकडे 'फॅमिली स्पेशल' : वर छत, बसायला गादी, पूर्ण नाव एकाच कुटुंबाला आणि भाडे दुप्पट-तिप्पट. मुले स्पेशलकडे बोट दाखवतात आणि बापाचा हात खिशात घुटमळतो. हा जादा पैसा वाजवी की फिजूलखर्ची?

व्यापार-उद्योगाच्या पानावर सहलीची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते हा सहलीचा नव्हे, भावाचा प्रश्न आहे. एकाच मालाचे दोन भाव असले की फरक कशाचा, हे व्यापारी माणूस आधी विचारतो. दुकानात आपण रोज हे करतो. पाण्याच्या काठावर मात्र विसरतो.

प्रथम पाण्याविषयी. भीमा नदीवरचे उजनी धरण माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. पाणी माढा, करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत अशा तीन जिल्ह्यांतल्या तालुक्यांना भिडते. शेकडो वर्षांची गावे पाण्याखाली गेली आणि समोरासमोरची माणसे दूर झाली. कुगावच्या माणसाला समोर कळाशीचा काठ दिसतो, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून होडी ही इथल्या लोकांची आधी गरज होती, हौस नंतर आली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. ते पाहण्यासाठी भिगवण-कुंभारगावकडे आणि अलीकडे करमाळ्याच्या बाजूलाही पाहुणे येऊ लागले. चिलापी पकडणारा मच्छीमार त्याच पाण्यावर पाहुणे फिरवू लागला. धंदा चांगला आहे, हलाल आहे आणि त्यात बरकत असावी अशीच आमची इच्छा आहे.

पण हे पाणी तळ्यासारखे दिसले तरी तळे नव्हे. लांब पसरलेल्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा चढतात. विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे वारे कधी उठतील याचा नेम नाही. एप्रिल २०१७ मध्ये माळशिरस भागातील डॉक्टर मंडळी सहलीला आली असता होडी उलटली आणि चार डॉक्टरांचा बुडून मृत्यू झाला. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात सापडून उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. होडीतल्या माणसांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, हे त्या वेळच्या बातम्यांतून पुढे आले.

त्याच वर्षी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान नाव धडकली आणि बोट बुडाली. त्या बोटीत परवानगीपेक्षा जास्त प्रवासी होते. म्हणजे शहर असो की खेडे, प्रश्न एकच आहे.

आता हिशेब करू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक गावचे भाव वेगळे असतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

समजा, एका फेरीला नावाड्याच्या हाती १२०० रुपये आले पाहिजेत. त्यात डिझेल, दुरुस्ती आणि त्याची मजुरी आली. आठ माणसांच्या नावेत तो बारा जण बसवतो आणि माणशी १०० रुपये घेतो. आता त्याने ठरवले की आठच बसवायचे. तेच १२०० रुपये आठांत वाटले की भाडे १५० होते. वाढलेले ५० रुपये म्हणजे न बसवलेल्या चार माणसांची किंमत. आपण रिकाम्या जागेचे पैसे देतो आणि ते द्यायलाच हवेत.

पुढे जाकिटे. मोठ्यांची आणि मुलांची मिळून बारा चांगली जाकिटे, प्रत्येकी १००० रुपये धरली, तर १२,००० रुपये झाले. ती २०० फेऱ्या चालली तरी फेरीमागे ६० रुपये पडतात. आठ माणसांत वाटले तर माणशी साडेसात रुपये. एका चहा-बिस्किटापेक्षा हा खर्च फार नाही.

तिसरी गोष्ट कोणाच्याच फलकावर लिहिलेली नसते, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ती म्हणजे नावाड्याचा नकार. आभाळ भरून आले, वारा फिरला आणि काठावर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे आहे. अशा वेळी "आज नाव सोडणार नाही, तुमचा इसार परत घ्या," असे कोण म्हणू शकेल? ज्याची चूल त्या फेरीवर अवलंबून आहे, त्याला हे म्हणणे फार जड जाते. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, तर भाडे इतके उतरलेले असते की एक फेरी बुडाली तरी त्याला सोसत नाही. वीस फेऱ्यांपैकी एक वाऱ्यामुळे रद्द करावी लागेल असे धरा. तिचे १२०० रुपये बाकीच्या एकोणीस फेऱ्यांवर पसरले, तर फेरीमागे सुमारे ६३ रुपये आणि माणशी आठ रुपये.

सगळे मिळून सुरक्षित नावेचे भाडे माणशी १६५ रुपयांच्या आसपास आले. सहा माणसांच्या कुटुंबाला कोंबलेल्या होडीत ६०० रुपये लागतील, सुरक्षित नावेत ९९० आणि समजा पूर्ण स्पेशल नाव २००० रुपयांना आहे. म्हणजे १४०० रुपयांच्या फरकातले पहिले ३९० रुपये जिवाचे आहेत. उरलेले १०१० रुपये छत, गादी, चहा आणि एकांताचे आहेत.

आमचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पहिले ३९० रुपये मोजण्यात हात आखडू नये. ती उधळपट्टी नव्हे. बायकामुले ही आपल्याकडे अमानत आहेत आणि अमानतीच्या बाबतीत घासाघीस शोभत नाही. पुढच्या हजाराचा निर्णय ज्याने त्याने खिसा पाहून घ्यावा. घरातल्या स्त्रियांना परक्यांच्या गर्दीत न बसता मोकळेपणे बसता येते, आजारी आईला सावली मिळते, हेही मोलाचे आहे. हातात असतील तर जरूर द्यावेत. पण त्यासाठी उधारी करू नये, आणि गादी म्हणजे सुरक्षा असे समजू नये. ज्या स्पेशल नावेला झालर आहे पण मुलांच्या मापाचे जाकीट नाही, ती दोन हजारांना महागच आहे. साध्या नावेत आठच माणसे, आठ जाकिटे आणि वाऱ्याला घाबरणारा नावाडी असेल, तर ती १६५ रुपयांत स्वस्त आहे.

यावर कोणी म्हणेल, गरिबाने मग पाण्यावर जाऊच नये काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. सहलीला जाणारा निदान मागे फिरू शकतो. दोन कुटुंबांनी मिळून एक नाव ठरवता येते, फेरी लहान करता येते, काठावर बसूनही ईद साजरी होते. पण पलीकडे दवाखान्यात, बाजारात किंवा सोयऱ्यांकडे जाणाऱ्याला होडीशिवाय मार्ग नसेल, तर तो काय करील? त्याच्याकडून जिवाचे जादा पैसे मागणे आम्हांस मान्य नाही. वरचा हिशेब पुन्हा पाहा. जाकीट आणि नकार मिळून माणशी सोळा रुपयेही होत नाहीत. एवढ्यासाठी 'स्पेशल'चा फलक लावण्याची गरज नाही. ते साध्या भाड्यातच असले पाहिजे आणि जिथे ते भाडेही परवडत नाही तिथे ग्रामपंचायतीने व शासनाने भार उचलला पाहिजे.

जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा जहाजावर २२०० हून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक नौकांत जागा होती सुमारे ११७८ जणांची. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंतले फारच थोडे वाचले. त्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तिकीट कोणतेही असो, प्रत्येक उतारूला जीवरक्षक नौकेत जागा हवी, हे तेव्हापासून तत्त्व ठरले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी मुंबईहून जिद्दापर्यंत जहाजाने हजचा प्रवास केला. ती जहाजे १९९५ साली बंद झाली. त्यांवर डेकचा उतारू वेगळा होता आणि वरच्या वर्गाचा वेगळा. एकाला पंखा आणि खाट, दुसऱ्याला उघडी हवा आणि स्वतःची वळकटी. सोयीत फरक असला तर कोणी तक्रार करत नसे. सोयीचे दर वेगळे असावेत, जिवाचे नसावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे मोठ्या सहल-जहाजांच्या जाहिराती येतात. सुखवस्तू वाचक त्यांबद्दलही विचारतात. तिथे सुरक्षेचे नियम सर्व खोल्यांना सारखे असतात, म्हणून वरच्या दराच्या खोलीत आपण केवळ खिडकी, बाल्कनी आणि ऐसपैस जागा विकत घेतो. ज्याला परवडेल त्याने घ्यावी. मात्र तिकिटाच्या आकड्यावर कर, बंदराचे शुल्क आणि किनाऱ्यावरच्या फेरफटक्याचे पैसे किती चढतात, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. जेवण हलाल मिळेल का, हेही विचारावे. जिथे दिवसभर खोलीबाहेर राहायचे आहे, तिथे खोलीवर दुप्पट खर्च करण्यात आम्हांस तरी फायदा दिसत नाही.

शेवटी आपल्या धंद्याविषयी. उजनीकाठच्या या नव्या व्यवसायात आपले कारागीर आहेत आणि पुढे आणखी येतील. कोणी होडीचा पत्रा जोडतो, कोणी इंजिन दुरुस्त करतो, कोणी छताचे कापड शिवतो, कोणी काठावर भजी आणि चहा विकतो. पत्रा ठरल्यापेक्षा पातळ वापरला, सांध्यावर जोड कच्चा ठेवला आणि वरून सुंदर रंग दिला, तर ते माप मारणेच झाले. मापात मारणाऱ्यांविषयी पवित्र कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह अल्-मुतफ्फिफीन. ती केवळ तराजूवाल्या वाण्यासाठी नाही. ज्या व्यवहारात माल कसा आहे हेच गिऱ्हाइकाला कळत नाही, त्याला आपल्या फिकहमध्ये 'ग़रर' म्हटले आहे. फलकावर नुसते 'स्पेशल' लिहून आत काय आहे हे न सांगणे त्याच वाटेने जाते. कंदर भागातली केळी आखाती देशांत जातात आणि त्यांना गावच्या बाजारापेक्षा चांगला भाव मिळतो, तो नावामुळे नव्हे. फणी निवडलेली, धुतलेली, मापाच्या पेटीत भरलेली असते. पेटी उघडली की फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या 'स्पेशल'चाही फरक असाच दिसला पाहिजे.

नावाड्यांनी कागदपत्रेही नीट करावीत. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ साली आला आणि १९१७ चा जुना कायदा गेला. यांत्रिक नावेसाठी नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा या गोष्टी त्यात आहेत. ही कटकट वाटेल. पण उद्या उजनीवर जलपर्यटन वाढले आणि बाहेरच्या मोठ्या कंपन्या आल्या, तर ज्याचे कागद पुरे आहेत तोच गावचा माणूस या धंद्यात टिकेल.

घरच्या कर्त्या माणसाने पैसे देण्यापूर्वी काठावर चार प्रश्न विचारावेत. नावेत किती जण बसणार? प्रत्येकाला, लहान मुलालाही, त्याच्या मापाचे जाकीट आहे का? नावेची नोंदणी आणि विमा आहे का? आणि वारा सुटला तर पैसे परत मिळतील का? चारही उत्तरे सरळ आली तर सांगेल ते वाजवी भाडे द्यावे आणि वर घासाघीस करू नये. शेवटच्या प्रश्नावर नावाडी हसला, तर मुलांचा हात धरून काठावरच दस्तरखान पसरावा. पक्षी तिथूनही दिसतात. आणि जो नावाडी वाऱ्याकडे बघून इसार परत करतो, त्याचे नाव चार घरी सांगावे आणि पुढच्या ईदला, इन्शाअल्लाह, त्याच्याच नावेत बसावे.